लग्नाआधीचं घोंगडं

श्रावण निम्मा सरला तरी पावसानं ओढ दिली होती. ढग यायचे, वाडीवरून तरातरा पुढं जायचे आणि कर्नाटकाच्या अंगाला कुठंतरी उतरायचे. माळावरचं गवत बोटभर वर आलं आणि तिथंच करपलं. मेंढरं दिवसभर तोंड खाली घालून फिरायची आणि सांजच्याला आत गेलेलीच पोटं घेऊन माघारी यायची.

अशा त्या कोरड्या उन्हात रंगुबाईनं बिरोबाच्या देव्हाऱ्याशेजारचं घोंगडं काढलं आणि अंगणातल्या दगडी गडग्यावर पसरलं. काळंभोर घोंगडं, काठाला पांढरी रेघ. चिंचोक्याची खळ अजून मऊ पडली नव्हती. घडी उलगडताना ते वाळल्या पानासारखं कडकड वाजलं. रंगुबाईनं त्यावरून तळहात फिरवला. नव्या लोकरीची कुसं हाताला टोचली तशी ती हसली.

मायाच्या बारशाला तिच्या मामानं एक काळी मेंढी दिली होती. त्या मेंढीच्या पोटची, आणि पुढं तिच्या लेकींच्या पोटची मेंढरं ती सगळी मायाची. कातरणीच्या दिवशी त्यांची लोकर वेगळी ठेवायची. तीच रंगुबाईनं वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावर, हिंडता हिंडता, काखेत पेळू धरून, वर्षानुवर्षं कातली होती आणि गेल्या उन्हाळ्यात सनगराकडून विणून आणली होती. मेंढक्यांच्यात लग्नाचा चौक घोंगड्यावर मांडतात. ह्या घराची रीत त्याहून कडक. ते घोंगडं लेकीच्याच मेंढरांचं पाहिजे आणि लेक लग्नाला बसेपर्यंत कुणी त्यावर टेकायचंही नाही.

"आये, ते कशाला काढलंस?" मोबाइल कानाचा काढत माया दारात आली.

"तुझ्या सामानात घालाय."

माया हसली. मग आई हसत नाही हे बघून गप्प झाली.

"हॉस्टेलात? घोंगडं? आये, वास येतुय त्याला. पोरी नाकाला रुमाल लावतील."

"लावूंद्यात की. रुमाल धुता येतुय."

"मला फुलाचं ब्लँकेट घे म्हनलं हुतं मी."

"फुलाच्या ब्लँकेटात थंडी घुसती. ह्यात घुसून बगावं म्हणावं तिनं."

मायाला सांगलीच्या कॉलेजात बीएस्सीला जागा मिळाली होती, गणित घेऊन. हॉस्टेलातही नाव लागलं होतं. उद्या हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला जाणार होती. रंगुबाईला त्यातलं एवढंच पक्कं कळलं होतं, की उद्या निघायचं आहे. आणि निघायची तयारी तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिनं दोन पोती घेतली. बाजारात चाकाच्या बॅगा होत्या. गेल्या बाजाराला तिनं एका दुकानात त्यांना हात लावून बघितलाही होता. दुकानदार पोरगा म्हणाला, "मावशी, लांबूनच बघा, डाग पडतो." तिनं हात पदराला पुसला आणि निघून आली. ह्या दोन पोत्यांनी तिचा सगळा संसार वाहिला होता. कपडे, वह्या, ताट-तांब्या, शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या कडक भाकरी, सगळं तिनं दोन्ही पोत्यांत सारखं वाटून घातलं. मग दोन्ही हातांत एकेक पोतं उचलून, डोळे मिटून उभी राहिली. डावं जड लागलं. त्यातली एक वही काढून उजव्यात टाकली.

"आये, हे घोडीवर न्हाई घालायचं. एसटीनं जायाचं हाय."

"एसटीला पाठ नसती व्हय?"

माया पोत्यात हात घालून एकेक जिन्नस बाहेर काढू लागली. तवा निघाला. सांडशी निघाली. तळाशी हाताला काहीतरी गार लागलं म्हणून ओढलं, तर मेंढरांभोवतीची जाळी, वाघर, ठोकायची लोखंडी मेख.

"ही कशाला गं?"

"दोरी बांदाय. कापडं कशावर वाळत घालशील?"

"तिथं खिळं असत्यात भिंतीला!"

"आसूंद्यात. दुसऱ्याचा खिळा, दुसऱ्याची भिंत."

माया पोट धरून हसली. रंगुबाईही हसली, पण मेख हातात धरून क्षणभर तशीच बसली. लग्न झाल्यापासून तिनं बांधलेलं प्रत्येक सामान उद्या पुन्हा सोडायचं आणि परवा पुन्हा बांधायचं असायचं. एका हिसक्यात सुटणाऱ्या गाठी, घोडीच्या दोन्ही अंगांना सारखं वजन, वर कोंबड्या, वर एखादं लंगडं कोकरू. जिथं गेल्यावर उठायचंच नाही अशा जागेचं सामान कसं बांधतात, हे तिला कुठं माहीत होतं?

तेवढ्यात धुळा आला. वाडीत बिरोबाच्या देवळापुढं सप्ता बसला होता आणि आज सकाळी काल्याचं कीर्तन होतं. कपाळाला बुक्का, गळ्यात टाळ, पळसाच्या पानात दही-लाह्यांचा काला. धुळाच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की उन्हातून चालत आलाय हे सांगूनही पटलं नसतं. काल्याच्या कीर्तनाची गोडीच तशी. बाकीचे दिवस महाराज वैराग्य सांगतात, माणसाला अंगावरचा सदरा जड वाटायला लागतो. पण काल्याला देव पुन्हा लेकरू होतो, गुरं राखतो, सवंगड्यांच्या शिदोऱ्या सोडतो. मेंढक्यांच्या वाडीला त्याहून जवळचा देव कुठला?

"काय सांगू तुला, रंगू," धुळा बाजेवर टेकत म्हणाला, "पेंद्या लंगडा. त्येला शिदोरी घिऊन चढण चढवंना. सारं सवंगडी म्होरं गेलं. आन देव माघारी आला गं! पेंद्याची शिदोरी आपल्या खांद्यावर घेतली. महाराजांनी चाल अशी वर न्हेली, मिरदंग असा थापला, सारा मंडप रडला."

"तुमी?"

"मी बी."

"बरं झालं," रंगुबाई पोत्याचं तोंड आवळत म्हणाली. "मग ही दोन वझी हायती. उद्या फाट्यापातुर एक तुमी घ्या, एक मी घेती."

धुळानं अंगणापलीकडच्या घराकडं नजर टाकली. "दादा काय म्हणतुय ते बगू आदी."

"मंडपात डोळं पुसायचं आन घरात आलं की दादाकडं बगायचं! देव खांदा देतुय, तुमाला नुसतं तोंड द्यायचं हाय."

धुळानं काला तसाच हातात धरला. खायचं सुचेना.

दादा म्हणजे थोरला भाऊ नाथाजी. मेंढरं दोघांची एकत्र, शब्द मात्र एकट्या नाथाजीचा. उन्हं जरा कलल्यावर तो काठी टेकत अंगणात आला. रंगुबाईनं पदर ओढला आणि छपराच्या खांबाआड, मेढीआड, उभी राहिली. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. तो बोलतो मेढीशी, घोडीशी, भावाशी. आणि ती उत्तर देते ते मेढीलाच.

"सोमवारी तळ हलवायचा," नाथाजी खुंट्याच्या घोडीकडं बघत म्हणाला. "रहिमतपुराकडनं बागायतदारांचं फोन येत्यात, रानात खताला मेंढरं बसवा म्हणून. हितं ऱ्हाऊन दगडं चारायची काय? एरवी दसरा बगतो आपण, ह्या साली न्हाई बगायचा. बनाचं गुडघं गेल्यात. कोकरांमागं बाईमाणूस पायजे. माया ह्या साली वाड्यावर यील. कालिज काय पळून जातंय?"

"सांगा त्यास्नी," मेढीमागून आवाज आला, "कालिज पळत न्हाई, जागा पळती. उद्या न्हाई गेली तर दुसरीला देत्यात."

"आन शिकायचं काय, तर गणित," नाथाजी घोडीला म्हणाला. "मेंढरं मोजाय बीएस्सी लागती व्हय?"

"आबा," माया दारातून म्हणाली, "तुमी मोजता तवा दरयेळी येगळीच भरत्यात."

पलीकडच्या दारात बसलेली बनाबाई, नाथाजीची बायको, फिस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावून गुडघे चोळू लागली. नाथाजीनं काठी आपटली. पण त्याच्याही मिशीखाली काहीतरी हललं. तो दुष्ट माणूस नव्हता. आयुष्यभर आभाळ आणि वाट बघून निर्णय घेतलेले, त्यामुळं दुसऱ्या कुणाचा निर्णय त्याला कच्चाच वाटायचा. मग त्याची नजर गडग्यावर गेली.

"घोंगडं भाईर का?"

धुळा पानातल्या काल्याकडं बघत राहिला.

"लेक न्हेणार हाय सांगलीला," मेढीनं सांगितलं.

"सांगलीला? आरं धुळा, तिथं काय लगीन लावताय काय पोरीचं?" नाथाजी बाजेवर बसला. बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बग. मी काय आडवा माणूस न्हाई. जाऊंदे पोरीला. कोकरांचं कायतरी करू. पर घोंगडं घरातनं हलायचं न्हाई. बनाच्या भावाला, कोंडीबाला, मी शब्द दिलाय. त्येच्या इंद्रजितला आपली माया. परीक्षा झाली की उन्हाळ्यात बसंल ती घोंगड्यावर. घोंगडं घरात हाय म्हंजी पोरगी माघारी येणार, असं मला कोंडीबाला तोंड वर करून सांगता यील."

कुठंतरी एक कोकरू आईला हाका मारत होतं.

"कवा दिला शब्द?" मायानं विचारलं.

"जत्रंत. तुझ्या बापाम्होरं."

मायानं बापाकडं बघितलं. धुळाच्या हातातलं पान कलंडलं, दही मनगटावर ओघळलं. रंगुबाईला पायाखालची जमीन तापल्यासारखी वाटली. जत्रा होऊन कितीतरी दिवस झाले. रोज रात्री शेजारी निजणाऱ्या माणसानं एवढं पोटात ठेवलं. आणि नवऱ्याचं ते तोंड बघून तिला हेही कळलं, की त्यानं हो म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं नव्हतं, एवढंच.

माया चालत गडग्यापाशी गेली. सकाळी जे नको म्हणून तोंड वाकडं केलं होतं, ते उन्हानं तापलेलं घोंगडं तिनं दोन्ही हातांनी ओढून घेतलं. कडकड वाजवत त्याची घडी घातली. गालाला, गळ्याला त्याची कुसं टोचत होती तरी छातीशी धरून अंगणातून, नाथाजीच्या पुढ्यातून, पोत्यापाशी आली.

"आये, हे तळाला घालू का वर?"

रंगुबाईनं पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. "तळाला. जड ते तळाला."

"घोंगडं ठेव खाली!" नाथाजी उठला. "आन घोडी न्हाई मिळायची फाट्यापातुर, सांगून ठेवतो. घोडी कळपाची हाय, हॉस्टेलची न्हवं. आन कोकरं? कोकरं कोण बगंल?"

"मी बगीन," धुळा म्हणाला.

एवढ्या हळू म्हणाला, की नाथाजीला पुन्हा विचारावं लागलं.

"मी बगीन, दादा. दूध पाजीन, पाटीत घालून डोक्यावर घीन. पाणी बी भरीन."

"बायकांची कामं? रहिमतपूरची माणसं हसतील तुला!"

"देवानं गुरं राखली, दादा. पेंद्याची शिदोरी उचलली. त्येला कोण हसलं का? मला काय धाड भरतीया?" बोलता बोलता धुळाचा आवाज कीर्तनातल्यासारखा वर चढला आणि तिथंच फाटला. "आन जत्रंत मी गप बसलो, ती चूक माझी. कोंडीबाला मी सांगीन. तुमी नका सांगू."

नाथाजीनं सवयीनं घोडीकडं तोंड फिरवलं. "बगितलं का, ही बाई माझ्या भावाला..."

"घोडीला नका सांगू, आबा."

रंगुबाई मेढीआडून पुढं आली होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. तिनं दिराच्या डोळ्यांत बघितलं. बनाबाईचा गुडघ्यावरचा हात थांबला.

"मला सांगा. ह्या घरात आल्यापासनं तुमच्या वाड्याचं सामान मी बांदतीया. पावसात बांदलं, तापात बांदलं, ही पोरगी पोटात हुती तवा बांदलं. माझं बांदलेलं कवा वाटंत सुटलं का? सांगा, सुटलं का?"

नाथाजीनं नजर पोत्याकडं वळवली.

"हे बी सुटायचं न्हाई," ती म्हणाली आणि खाली बसून पोत्याचं तोंड आवळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळानं एक पोतं डोक्यावर घेतलं, रंगुबाईनं दुसरं. घोंगड्याचं पोतं घोडीच्या केसाळ दोरानं आवळलं होतं. घोडी मिळाली नाही तरी दोर रंगुबाईनं न विचारता घेतला होता. मायाच्या पाठीवर पुस्तकांची पिशवी. वाडीतली माणसं दातात मिसरी धरून बघत होती. "लेक नांदाय चालली का गं?" कुणीतरी ओरडलं. "नांदायच चालली," रंगुबाई मान न वळवता म्हणाली, "सासू न्हाई तिथं, एवढंच."

एसटीत पोती चढवताना कंडक्टरनं नाक उडवलं. "ओ मावशी, आत मेंढरू बी हाय काय?"

गाडी हसली. मायाची मान खाली गेली.

"मेंढरू न्हाई," रंगुबाई म्हणाली. "मेंढरांची मालकीण हाय. फाड तिकीट."

गाडी पुन्हा हसली, पण ह्या वेळी कंडक्टरला. माया खिडकीकडं तोंड करून हसली ते रंगुबाईनं काचेत बघितलं.

हॉस्टेलच्या पायरीवर फरशी इतकी गुळगुळीत होती, की धुळानं चपला काढून हातात घेतल्या. खोलीत एक मुलगी आधीच आली होती, राजेश्वरी, कोरेगाव तालुक्यातली. तिचे वडील लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पिळलेले, एक भलीमोठी काळी ट्रंक कॉटखाली सरकवायची खटपट करत होते आणि ती जात नव्हती. रंगुबाईनं पोत्याची गाठ ओढली. एका हिसक्यात सुटली. घोंगडं बाहेर आलं तसा खोलीभर तो वास पसरला, लोकरीचा, खळीचा, मेंढरं बसलेल्या रानाचा.

रेक्टर बाई दारातच थांबल्या. "हे काय आहे? घोंगडं? नाही, हे इथं चालणार नाही. पिसवा होतात. बाकीच्या मुलींचाही विचार करायला हवा. परत घेऊन जा तुम्ही."

त्या उर्मट बोलल्या नाहीत. त्यामुळंच रंगुबाईच्या कानाच्या पाळ्या जास्त तापल्या. धुळा सवयीनं वाकलाच होता, घडी उचलायला. मायानं पुढं होऊन घोंगड्यावर हात ठेवला.

"मॅडम, पांघरूण घरनं आणायचं, असं तुमीच फोनवर सांगितलं हुतं. हे माझं पांघरूण हाय. माझ्या मेंढरांचं हाय. नवं हाय, ह्याच्यावर अजून कुणी बसल्यालं बी न्हाई. पिसू सापडली तर मला सांगा, मी सोता भाईर झोपीन. पर हे माघारी जायाचं न्हाई."

तिनं हात काढला नाही.

लालासाहेबांनी ट्रंकेवरून मान वर केली. "मॅडम, फौजेत सगळी नोकरी मी मेंढीच्या कांबळीखाली झोपून काढली. बर्फात. देशाला कवा वास आला न्हाई."

राजेश्वरी ट्रंकेवर बसकण मारत म्हणाली, "आणि पप्पा, आपल्या रानात दरसाल मेंढरं बसतातच की. मला ह्या वासाशिवाय ऊसच आठवत नाही. मॅडम, मला चालतंय. हिला माझी ट्रंक चालली पाहिजे फक्त."

रेक्टर बाईंनी ट्रंकेकडं बघितलं, घोंगड्याकडं बघितलं, आणि शेवटी अनवाणी उभ्या धुळाकडं. "दर रविवारी गच्चीवर उन्हात घालायचं," त्या मायाला म्हणाल्या. "मी बघायला येईन."

मायानं घोंगडं कॉटवर पसरलं. काठाची पांढरी रेघ सरळ केली. मग उभीच राहिली. इतक्या दिवसांची रीत अंगात भिनलेली, बसायला धीर होईना. तिनं आईकडं बघितलं.

रंगुबाईनं कमरेची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा चिमटीत घेतला. घोंगड्याच्या चारी कोपऱ्यांना लावला. हे ती एक दिवस करणार हे तिनं सूत कातता कातता हजारदा मनात बघितलं होतं. पण त्यात मांडव होता, ढोल होता, बायका गात होत्या. इथं डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि खिडकीवर राजेश्वरीची पाण्याची बाटली होती. तरी हात चुकला नाही.

"बस," ती म्हणाली.

माया बसली. मांडी घालून, पाठ ताठ करून. रंगुबाईनं तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि धुळानं, मंडपात असल्यासारखा, खच्चून आवाज दिला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" व्हरांड्यातल्या मुली थबकल्या. एका खोलीतून कुणीतरी खुदकलं. लालासाहेबांनी मात्र खड्या आवाजात साथ दिली, "चांगभलं!"

निघताना रंगुबाईनं दोराची गुंडाळी करून कॉटखाली सरकवली.

"हे आसूंदे. तळ उठवायचा झाला, तर लागंल तुला."

माया वाकली. दोर बाहेर ओढला, झटकला आणि आईच्या खांद्यावर ठेवला.

"घिऊन जा, आये. घोडीला लागंल. ह्यो तळ उठायचा न्हाई."

सोमवारी वाडीतला तळ हलला. ऊन चढायच्या आत मेंढरं माळाला लागली, कुत्री पुढं धावली. धुळा डोक्यावर कोकरांची पाटी घेऊन उभा होता; त्यातलं एक त्याचा कान आचळ समजून चोखत होतं आणि तो मान न हलवता काल्याची चाल गुणगुणत होता. रंगुबाई घोडीवर पोती चढवत होती. तिनं त्यावरून दोर टाकला, घोडीच्या पोटाखालून घेतला.

नाथाजीनं तो दोर ओळखला. जवळ आला, घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि तिलाच विचारल्यासारखं म्हणाला, "पोरगी आली का म्हणावं माघारी?"

रंगुबाईनं गुडघा पोत्याला लावून गाठ कचकन आवळली आणि तोंड वर करून त्याच्याकडं बघितलं.

"न्हाई, आबा. दोर तेवढा आला."